खिडकी क्रमांक चार

दहा रुपये सुट्टे द्या,
हे वाक्य मी सव्वीस वर्षं बोलते आहे.
झोपेतही बोलते म्हणे. नवरा उठतो,
उशाखाली चाचपडून सुट्टे शोधतो.

रविवारी मुलुंडला जेवायला होतो.
सुरमईचा काटा ताटाच्या कडेला लावत भाऊजी म्हणाले,
फुकट दिलं की माणसाला किंमत राहत नाही.
कर भरायचा आम्ही, आणि रांगेत कोण? भलतेच.
जाऊबाई म्हणाल्या, उपचार सगळ्यांना मिळायलाच हवेत,
फक्त सगळ्यांच्या शेजारची खाट मला नको.
पुतण्या बाहेर शिकून आलेला.
कागदी रुमालावर त्याने आकडे मांडले,
माणशी खर्च इतका, हप्ता इतका, गळती इतकी.
आकडे बरोबरच असणार.
रुमाल रश्श्याने भिजला एवढंच.

मी गप्प. तोंड उघडलं असतं
तर सुट्टे द्या एवढंच बाहेर पडलं असतं.

भाऊजी पूर्ण चुकत नाहीत, हीच तर अडचण.
फुकटच्या गोळ्या मी जिन्याखालच्या डब्यात पाहिल्यात,
पाकीटही न फोडलेल्या.
आणि वॉर्ड नंबर सतराही पाहिलाय,
एका खाटेवर दोघं, खाटेखाली चादरीवर तिसरा,
त्याच्या सलाइनची बाटली मुलीने हातात धरलेली,
हात बदलत, हात बदलत.
शिकाऊ डॉक्टर कोंडविलकर, तेहतिसावा तास,
माझ्याच पेनाने सही करताना डुलकी लागली त्याला,
सही कागदावरून उतरून टेबलावर गेली.
अजून आहे ती रेघ. पुसू देत नाही मी.

आता माझं सांगते, जे टेबलावर सांगितलं नाही.
पित्ताशयात खडे निघाले तेव्हा मी ठाण्याला गेले.
निळे पडदे, स्वतंत्र खोली, नर्स दार वाजवून आत यायची.
बिल पालिकेच्या गटविम्यातून.
म्हणजे भाऊजींच्या पैशातून,
आणि साबणावर, काडेपेटीवर कर भरणाऱ्या
माझ्या रांगेतल्या प्रत्येकाच्या.
खिडकीतली बाई स्वतःच्या खिडकीपुढे
उभी राहिली नाही.

तशी एक गोष्ट या शहरात सगळ्यांना सारखी मिळते.
भोईवाड्याला लाकडं पालिका देते.
तिथेही खिडकी आहे, आत चिंदरकर बसतो, माझ्याच बॅचचा.
तो सुट्टे मागत नाही.
पिवळं कार्ड की केशरी, विचारत नाही.
आणि आजवर कुणी त्याला म्हटलेलं नाही
की फुकट जाळलं की किंमत राहत नाही.

सोमवारी मोईन आला. कुर्ल्याचा, लेथवर काम करतो.
बायकोचा केसपेपर चौथ्यांदा गेलेला.
हरवत नाही हो बाई, म्हणाला,
खिशात असतो, मशीनवर घाम येतो, लगदा होतो.
एमआरआयची तारीख फेब्रुवारीतली. आज जूनची नऊ.
एका खेपेचे साडेसातशे बुडतात, अशा अकरा खेपा,
हा गुणाकार त्याला रुमालाशिवाय येतो.
माझ्या दहा रुपयांत
फक्त नाव लिहून मिळतं.

लिहिलं. शबाना मोईन शेख. वय?
चौतीस.
दोन वर्षांपूर्वीही चौतीसच सांगितलं होतं त्याने.
आजाराच्या आधीच्या वयाला धरून बसलाय.
मी छत्तीस लिहिलं.

त्याने शंभराची नोट सरकवली.
सुट्टे त्याच्याकडे नव्हते, गल्ल्यातही नव्हते,
मागे एकशे चाळीस माणसं.
राहू दे, म्हटलं. पर्समधली दहाची नोट काढून
ड्रॉवरमध्ये टाकली.

हा काही उपाय नाही, कळतं मला.
फक्त हिला गळती धरायचं की भरणा,
पुतण्याला विचारीन येत्या रविवारी.