डंकावर

एप्रिलातल्या रविवारी, उत्तरेश्वर पेठेत,
डंकाच्या दारात आमचा नंबर अकरावा.
पाटीवर खडूनं माझं आडनाव, पुढं साडेचार किलो.
डंकवाला म्हणाला, दीड तास तरी लागंल, ताई.
लागू दे की.
आम्ही पोती पसरून बसलो.

पद्मश्रीचं कुटून झालंय सकाळी आठलाच.
तिच्या चटणीत कांदा नाही, लसूण नाही,
म्हणून उखळ धुतल्या धुतल्या पहिला मान तिचा.
डबा भरून, झाकण लावून, फडकं बांधून
ती बसलीय उगाचच, आमच्यात,
आणि सांगालीय शेगडीचं:
डावीकडचा बर्नर पेटतो, पण मोठा होत नाही.
"पिन घातलीस?"
"घालून बघितलो की."
"सुई?"
"सुईबी."
धाड, धाड, धाड.
पुढचं डंकानं खाल्लं.

इथं असंच असतंय. अर्धं वाक्य आपलं, अर्धं मुसळाचं.
दोन घावांच्या मधे मावंल तेवढंच बोलायचं,
उरलेलं शिंकेत घालवायचं.

जरीना म्हणाली, केएमटीत काल
कंडक्टर मला आजी म्हणाला.
"मग?"
"मग काय, उतरलो पुढच्या स्टॉपला.
मिरजकर तिकटीपासनं चालत आलो.
आता गुडघा धरलाय."
हसताना ब्याडगीची पूड नाकात गेली
आणि तिघी मिळून अशा शिंकलो
की समोरच्या सायकलवाल्यानं पाय टेकला.

तेवढ्यात निलांबरी.
खांद्याला पर्स, हातात संकेश्वरीची पिशवी.
एकवीस वर्षं पुण्यात, पण चटणी इथलीच लागते.
"मी आले," ती म्हणाली.
जरीना वर बघितलीसुद्धा नाही:
"आले? किती आणलंस?
माझ्यात पाव किलो कमी पडालंय."

लई जुनं आहे हे.
शाळेत चौघी एका आवाजात ओरडायचो,
मी आलो, मी गेलो, मी जेवलो,
आणि बदलून आलेल्या बाई कपाळाला हात लावायच्या:
अगं, तुम्ही मुली आहात!
"व्हय बाई. म्हाईत हाय आम्हाला."

निली बसली, पोत्याच्या अगदी कडेला.
पोरगं कसं हाय? बरं आहे.
आणि ते?
धाड, धाड, धाड.
तिचे ओठ हलत होते,
डंक एकसारखा चालू,
उन्हाच्या तिरिपीत लाल धूळ.
मला दोनच शब्द लागले,
'वेगळं' आणि 'जूनपासून'.
मग कुणाचीतरी चटणी संपली, मुसळ थांबलं,
चाळणीतनं पूड पडलेली ऐकू यावी
एवढं गप्प झालं.
"काय म्हणालीस गं?"
"काही नाही. तीळ भाजलेत का, म्हणलो."

म्हणलो.

आम्ही तिघी आपापल्या पिशव्यांत बघत राहिलो.
तिचे डोळे वाहत होते. आमचेही.
डंकावर कुणी कुणाला विचारत नाही,
का रडालीस म्हणून.
जरीनानं फक्त निलीची पिशवी उचलून
आपल्या पिशवीच्या पुढं सरकवली.
पद्मश्रीनं पदराचं न माखलेलं टोक शोधून दिलं:
"डोळ्याला हात लावू नको. हाताला तिखट हाय."

दहाव्या नंबरचं मीठ पडलं.
डंकवाल्यानं पाटीवरचं एक नाव अंगठ्यानं पुसलं.
निली नाक ओढत म्हणाली,
"तू काहीतरी सांगालतीस. शेगडीचं."
"तर," पद्मश्री मांडी घालून नीट बसली,
"डावीकडचा बर्नर."