सातवी जागा

रूबेन अवघडे सरांचा हात
लहानपणी सातव्या जागेपर्यंत पोचायचा नाही.

ट्रॉम्बोनला कळा नसतात.
मिरजेतल्या सतारींना असतात तसे पडदेही नसतात.
नुसती नळी, पुढं जाणारी, मागं येणारी,
आणि तिच्यावर कुठंही खूण न केलेल्या सात जागा.
वडिलांनी नळीला सुतळी बांधून दिली होती.
वरातीत पोरगं पहिल्या रांगेत,
मानासाठी नव्हे,
नळी पुढच्याच्या पाठीत बसते म्हणून.
सातवी आली की नळी झुगारून द्यायची
आणि सुतळीनं परत ओढायची,
लक्ष्मी मार्केटपासून थेट किल्ल्यापर्यंत,
बत्त्या डोक्यावर घेतलेल्या बायांच्या उजेडात.

मग मुंबई. सतरा वर्षं.
रात्री हॉटेलात जाझ, जेवणाऱ्यांच्या काट्याचमच्यांवरून;
दिवसा स्टुडिओत
दुसऱ्यांच्या चालींना कपडे शिवणं.
चाल उघडी यायची, कधी नुसती शिट्टीवर,
सर तिला अस्तर लावायचे, खिसे, काजं, बटणं.
तबकडीवर सगळ्यांची नावं.
सरांचं नाव व्हाउचरवर, तेही एकदा ‘रॉबिन’.
पुढं एक पेटी आली.
प्लग लावला की अठ्ठावीस व्हायोलिनं
आणि चार ट्रॉम्बोन, चहा न मागणारे.

परत मिरज.
विद्यापीठाच्या सांगलीच्या केंद्रात
पाश्चात्त्य वाद्यवृंद हा ऐच्छिक विषय निघाला.
मुलाखतीत एकानं विचारलं, ‘शिक्षण?’
सर म्हणाले, ‘वरात.’
कुणीतरी हसलं असावं, कारण घेतलं त्यांना,
तासिका तत्त्वावर,
वाद्य ज्याचं त्यानं आणायचं.

आम्ही अकरा जण, त्यातले सात हजेरीपुरते.
मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर
हिशेब लिहून तसाच वर्गात यायचो.
सरांनी माझी नखं बघितली.
‘राहू दे,’ म्हणाले, ‘पितळेला शोभतील.’
नळीला कोल्ड क्रीम कसं लावायचं,
वर पाण्याचा फवारा किती,
हे पहिला महिनाभर.
फुंकायला दुसऱ्या महिन्यात.
‘स्वर इथंच असतो असं कुणी सांगितलं
तर त्याचं ऐकू नको.
उन्हाळ्यात पितळ तापतं, जागा सरकते.
काल सापडली होती म्हणून
आज असेलच असं नाही.’

महापुरात खालच्या कपाटातली
मुंबईची सगळी बाडं भिजली.
आम्ही ती दोरीवर वाळत घातली,
शाई मात्र कृष्णेनं नेली होती.
सर दोरीखालून वाकून गेले,
एक कागद हुंगला,
म्हणाले, ‘चिखलाचा वास बरा आहे.’

अरेंजमेंट म्हणजे काय,
हा प्रश्न दर वर्षी पेपरात यायचा. दहा गुण.
मी व्याख्या पाठ केलेली. आठ मिळाले.
बाकीच्या दोनांचं काय, हे मी कधी विचारलं नाही.

साठीनंतर त्यांचा उजवा खांदा धरला.
मिशन हॉस्पिटलात शेक,
मग भिंतीवरून बोटं चढवायचा व्यायाम,
रोज वीस वेळा, चुन्यावर डाग पडेपर्यंत.
हात पाचव्या जागेशी अडू लागला.
बोलले नाहीत कुणाशी.
नाताळच्या कार्यक्रमाचे कागद वाटले,
त्यात माझ्या ओळीला
खर्जाचा एक स्वर जास्तीचा होता,
लाल शाईत, त्यांच्या ओळीतून उचललेला.
वर बारीक अक्षरात:
‘सातवी. दम आधी साठव.’

चर्चच्या हॉलमध्ये दाटीवाटीनं खुर्च्या.
तो स्वर आला तेव्हा
सरांनी आपला ट्रॉम्बोन गुडघ्यावर टेकवला
आणि डोळे मिटले.
माझा हात पूर्ण गेला.
पहिल्या रांगेतल्या बाईंच्या अंबाड्यापासून
नळी वीतभर अलीकडं थांबली.
स्वर जरासा उतरलेला लागला.
डोळे न उघडता
सरांनी डाव्या हाताचं एक बोट वर केलं.
मी नळी केसभर मागं घेतली.

बोट खाली आलं.