भावफलक

नाशिकरोडला, देवळालीगावच्या वळणावर,
भागुबाई शिवद्यांच्या गाळ्याचा
भावफलक रंगवायला घेतला.
मजुरी दोनशे रुपये, वर एक किलो चिलापी.
याआधी मी ट्रकच्या पाठी रंगवल्यात,
शाळेच्या भिंतींवर बेरजा आणि ग्रह,
पण टर्पेंटाइनचा बोळा
इतक्यांदा हातात कधी धरावा लागला नव्हता.

पहिली ओळ : सुरमई.
शेवटची ई अजून ओली,
तेवढ्यात पेडणेकर आले, प्रेसमधून रिटायर झालेले.
जन्मभर नोटा मोजलेल्या बोटांनी
त्यांनी माशाचे कल्ले उघडून पाहिले.
"सुरमा डोळ्यांत घालतत. ही इसवण."
पुसलं. इसवण लिहिलं.
मागून कुणीतरी विचारलं, सुरमई नाहीच का आज?
पुसलं.

दुसऱ्या ओळीला मी नुसतं लिहिलं : सरंगा.
तांडेलवहिनी सातपाटीच्या.
त्यांनी चंदेरी पापलेटवर बोट ठेवलं.
पेडणेकरांनी काळ्या हलव्यावर.
दोन मासे, एक नाव,
आणि मधला बर्फ कसारा घाट चढून आलेला,
आधीच निम्मा झालेला.
कोण कुणाच्या गावी काय जेवलं होतं,
कुणाच्या आजोबांची होडी किती हात,
सगळं निघालं.
भागुबाई दोघांना म्हणाली, बरोबर आहे.
दोघांकडून सरंग्याचेच पैसे घेतले.

जेलरोडची नवी सून, उरणची,
हळूच म्हणाली, नगली आहे का?
शेजारी पोतं मांडून बसलेली पेठची जिवलीबाई
लगेच ओरडली, "नागली इथं हाय माय, इकडं ये!"
आणि माप भरायलाही लागली.
पोरगी लाजली. दोन किलो घेऊन गेली.
त्या रात्री त्यांच्याकडे काय तळलं
ते मला अजून कळलेलं नाही.

कॅम्पातल्या सुभेदाराची बायको
कलकत्त्याच्या बाजूची, तिला हवी होती रुई.
"रुई शनिवारी. मारुतीच्या देवळाबाहेर."
बाईंनी बादलीकडे बोट केलं.
आतल्या रोहूनं शेपटी आपटली.
रोहू म्हटलं तरी तो तेवढंच पाणी उडवायचा.

झिंग्यांचं तर सांगतच नाही.
कोळंबी, सुंगटां, झिंगे,
तीन घरं, तीन फोडण्या,
एका चाळीत राहिली असती तर
नळावरचं भांडण कमी पडलं असतं.

दिवेलागणीला फलकावर
फक्त आकडे उरले. आठशे. साडेसहाशे. दीडशे.
आकड्यांवर कुणाचाच वाद नव्हता,
घासाघीस होती, ती वेगळी.
डाव्या बाजूला सगळ्या समुद्राचा
एक निळसर डाग.

मी म्हटलं, मावशी, राहू दे असंच.
भागुबाईला वाचता येत नाही.
तिनं डागाकडे बघितलं, सुरी धुतली, म्हणाली,
"खाली जागा हाय ना? एक नाव टाक. दगडचाटी."
कुठला मासा?
"सासू धरायची. सोमेश्वरच्या खाली, दगडाला चिकटलेली.
बोटाएवढी. काटा असा की कळायचा नाही.
मी नवी नवरी असताना दोनदा खाल्ली.
मग पाणी असलं झालं… आता नाही दिसत."
भाव काय टाकू?
ती हसली. "भाव कशाला? ती कुठं इकायची हाय!"

टाकलं. एकदाच. पुसावं लागलं नाही.
त्या नावावर भांडायला
कुठल्या गावचं कुणीच आलं नाही.

परवा चिलापी आणायला गेलो
(मजुरीतली अर्धी अजून बाकी आहे),
तर कॉलेजची दोन पोरं फलक वाचत उभी.
"मावशी, ही दगडचाटी कशी दिली?"
भागुबाईनं मान वर न करता
समोरच्या माशाची खवलं काढत सांगितलं,
"आत्ताच संपली, बाळा. जरा लवकर येत जा."