मापाचं भांडं

हेळवी आला यंदा, सुगी सरल्यावर.
बैल नाही, जुनी लूना. पिशवीत मात्र तीच वही,
लाल फडक्यात, त्याच्या आज्ज्याच्या आज्ज्यापासूनची म्हणे.
चहा नको म्हणाला, पाणी प्याला,
पायरीवर बसून डोळे मिटले आणि सुरू झाला:
सटुप्पाचा मोनाप्पा, मोनाप्पाचा भरमाण्णा,
भरमाण्णाला तिघं, थोरला देवाला सोडलेला,
मधला पलटणीत गेला, ब्रह्मदेशात राहिला,
धाकटा नागोजी, नागोजीचा...
आमच्या नंदगडच्या अंगणात
बाप्ये ओळीनं येऊन उभे राहिले,
पटके बांधून,
कुणालाच आई नसल्यासारखे.

मी विचारलं, नागोजीची बायको?
त्यानं पान उलटलं. परत उलटलं.
'आलेल्या बायका ह्या वहीत नसतात, बाई.
त्यांच्या माहेरच्या हेळव्याकडं बघा.'
आणि माहेरच्या वहीत?
'तिकडं लिहितात, दिली.'
कुठं दिली?
'दिली. एवढंच.'

खापरपणजीचं घरात फारसं काही उरलेलं नाही.
तिला भात चढायचा नाही, जोंधळ्याची भाकर लागायची.
इथल्या पावसाला ती दारात उभी राहून
'साकु, साकु' म्हणायची,
पुरे झालं, जसं वाढणाऱ्याला म्हणतात.
लग्नात नाव बदलून भागीरथी केलं
तर ती दुसऱ्या हाकेला ओ द्यायची,
पहिली कुणा दुसरीला मारली असं समजून.

प्लेगच्या सालात गाव रानात राहायला गेलं.
बेळगावच्या कॅम्पातला गोरा साहेब झोपड्या मोजत आला.
त्याच्या कारकुनाचं रजिस्टर मी पाहिलंय,
चार दिवस रजा टाकून. वाळवीनं कडा खाल्लेल्या.
झोपडी एकोणीस. बाई एक, वय अंदाजे पंचवीस.
मूल एक, कडेवर.
नाव: नागोजीची बायको.
इंग्रजीतसुद्धा ती नागोजीचीच.
आणि नागोजी त्याच पानावर, वरच्या ओळीत,
काट मारलेला.

दुपारी हेळव्याचं भात मोजून द्यायचं होतं.
आई म्हणाली, मापाचं भांडं काढ, पितळेचं.
दुसरं माप ओतून घेताना त्याचा हात थांबला.
अंगठा काठाखाली फिरत राहिला,
कासारानं टोच्यानं मारलेल्या टिंबांवरून.
आम्ही ती नक्षी समजत होतो.
आम्ही मराठी शाळेतले, मोर्च्यातले,
दुकानांच्या पाट्यांवरची ती गोल अक्षरं
मुद्दाम न शिकलेले.

'गौरव्वन मगळु तिप्पव्वा,' तो म्हणाला. 'संपगाव.'

गौरव्वाची लेक तिप्पव्वा.
बापाचं नाव नाही.
कासार अक्षरामागं पैसे घेत असेल,
किंवा गौरव्वा स्वतःच त्याच्या दुकानासमोर
उन्हात उभी राहिली असेल, बोटं मोडत:
एवढं घाल. ह्यापुढं काही नको.

आई पदराला हात पुसत बाहेर आली.
हिच्यातच तर तुला पहिलं पाणी घातलं, म्हणाली,
आणि मग बराच वेळ काहीच म्हणाली नाही.

वहीत घाला, मी म्हणाले.
'ओळ नाही, बाई. दोन बाप्यांच्या मधी
जागा सोडत नाहीत आमच्यात.'
मग समासात घाला.
त्यानं पेन काढलं, टोपण दातात धरलं,
मला वाटलं, लिहितो.
'शाई वाळलीय,' म्हणाला. 'फुडल्या सालाला बघू.'
लूना सुरू होईना.
आम्ही दोघींनीच ढकलून दिली, चढापर्यंत.

काय करूलालीस गे, आई आतून विचारते.
दिवा लावायची वेळ झालीय.
मी बोट टिंबांवरून नेते आहे, हळू,
अक्षर कुठं संपतं ते न कळता.
मध्ये एके ठिकाणी चेप पडलाय,
बरोबर गौरव्वाच्या नावात.
कुणाच्या हातून पडलं असेल हे भांडं,
आणि तेव्हा ती काय ओरडली असेल,
कुठल्या भाषेत.