डावा घोडा

इंग्वारमामा गेल्यावर मासळीच्या शेडमध्ये
फाटक्या जाळ्यांमागे ती सापडली.
दुनळी. गंजून तांबूस, दस्त्याला तांब्याच्या तारेचे वेढे.
जानेवारी. बाहेर विनिपेग सरोवराचा दगड झालेला.
मी हात लावला नाही.
अनोळखी कुत्रं झोपलेलं असावं
तशी लांबून बघत राहिले.

फोनवर ओस्टाप ह्रिन्चुक म्हणाला,
‘भरलेली आहे.’
अहो, तुम्ही पाहिलीसुद्धा नाही.
‘पाहीन तेव्हा बघू. तोवर भरलेली.
गाडीत घालून आणू नकोस, मीच येतो.
आणि नळीत डोकावू नकोस.
डोळे दोनच मिळतात.’

साठ किलोमीटर बर्फावरून आला म्हातारा.
आधी हातमोजे काढले, मग कॉफी घेतली,
आलुबुखारच्या केकचा तुकडा मोडून खिशात टाकला.
मग ती उचलली.
तोंड अंगणातल्या बर्फाच्या ढिगाकडे,
बोट चापापासून इतकं दूर
की वाटावं, त्याला ते बोटच नाही.

आमच्याकडे सांगत,
पणजोबांनी ती आइसलंडहून आणली,
देवीच्या साथीच्या वर्षी, बोटीत,
लोकरीत गुंडाळून, बायबलच्या शेजारी.
ओस्टापने चिंधीने पोट पुसलं, भिंग लावलं.
लंबगोलात तीन अक्षरं, खाली चांदणी.
‘लिएज. बेल्जियम.
आणि पट्टीवरचं हे इंग्रजी नाव?
असा कारागीर जन्मलाच नाही.
गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून कोरलेलं.
टोरांटोच्या कॅटलॉगातून आली असेल,
पोस्टाने, चुलीच्या पत्र्यासोबत.’
पणजोबा तोवर कधीच मातीत गेलेले.
मला हसू आलं. मग आलं नाही.

नळीवर पाण्यासारखे तरंग.
लोखंड-पोलादाच्या पट्ट्या
वेणीसारख्या पिळून, तापवून, ठोकून एक केलेल्या.
‘देखणी आहे,’ तो म्हणाला,
‘म्हणूनच फसवते. आजची दारू
हिच्या पिळात शिरली तर
नळी फुलासारखी उमलेल, तुझ्या डाव्या हातात.’

खालची कळ जाम. तेलाचे थेंब,
वाट पाहणं, पुन्हा थेंब.
जोर नाही केला त्याने. एकदाही नाही.
मग ती मोडली, मधोमध, कुरकुरत.
उजव्या नळीत गोल उजेड, भोवती गंज.
डाव्या नळीत
पितळेचा हिरवा चंद्र.

कागदी काडतूस, ओलीने फुगून रुतलेलं.
चाळीस वर्षांचं? पन्नास?

दर नाताळला मामा ती खाली काढायचा.
‘रिकामी आहे गं!’
आणि आम्हा पोरांचे फोटो.
एकात मी सात वर्षांची, पुढचे दात नाहीत,
एक डोळा मिटून नळीत
आभाळ शोधतेय.

ओस्टापला हे सांगितलं नाही.
तो डावीकडे अंगठा फिरवत होता.
‘इथला घोडा नाही. तुटलेला नाही बघ.
कुणीतरी स्क्रू फिरवून अलगद उतरवलाय.’

सिगुर्लॉग मामीचा बटणांचा डबा
नऊ वर्षं माझ्या कपाटात आहे.
शिंपल्याची, हाडाची, मामाच्या कोटाची बटणं,
आणि वाकड्या मानेचा एक लोखंडी तुकडा
ज्याला आम्ही बदक म्हणायचो.
बटणांच्या तळ्यात पोहवायचो.

बदक जागेवर नीट बसलं.
ओस्टापने स्क्रू मागितला नाही.
मीही शोधला नाही.

नळ्या वेगळ्या करून, गोधडीत बांधून
तो सगळं घेऊन गेला. काडतूस त्याच्या दुकानात निघेल,
त्याच्या पद्धतीने, माझ्यासमोर नाही.
बदक मात्र मी परत मागून घेतलं.

रात्री तो फोटो दिव्याखाली धरला.
बंदूक डावी कूस कॅमेऱ्याकडे करून आडवी,
घोड्याच्या जागी नुसतं भोक.
आणि पुढे बर्फावर, पायांशी,
फोटो काढणाऱ्याची सावली,
डोक्याला रुमाल बांधलेली.