शंभरातले अडीच

काणकोणला, बारावीच्या वर्गात
मी फळ्यावर अमोनिया मांडत होतो.
मागच्या बाकावरून सुलक्षा पागी म्हणाली,
"सर, त्यापरीस मासळीच्या वासाचं गणित करूया?"
वर्ग हसला. ती हसली नाही.
तिची आई तळपणच्या धक्क्यावर टोपली भरते.

मग ट्रायमिथाइलअमीन. दुर्बल आम्लारी.
संहती ०.१,
स्थिरांक साडेसहा गुणिले दहाचा उणे पाचवा घात.
०.१ वजा क्ष —
इथे दरवर्षीसारखं मी म्हटलं,
क्ष लहान आहे, सोडून द्या.
"किती लहान असलं की सोडायचं?"
शेकडा पाचाच्या आत. पुस्तकात तसंच आहे.

लॉगच्या तक्त्यावर बोट सरकवत
तिने वर्गमूळ काढलं:
हायड्रॉक्साइड, ०.००२५५.
म्हणजे शंभरातले अडीच
पाण्याकडून प्रोटॉन घेऊन आयन झाले.
बाकीचे साडेसत्त्याण्णव मोकळे,
कधीही हवेत उठतील असे.
"तेच बसमध्ये आईच्या आधी चढतात," ती म्हणाली.

आणि लिंबू लावलं तर? कुणीतरी विचारलं.
आम्ल आलं की जवळजवळ सगळेच आयन,
आणि आयनाला उडता येत नाही.
"आमच्याकडे बिंबलं घासतात," सुलक्षा म्हणाली,
"कोपरापर्यंत. तरी उरतो."

रात्री वह्या तपासल्या.
तिच्या उत्तराखाली पेन्सिलीने, बारीक:
साडेसत्त्याण्णव कुठे सोडू?
एकक लिहायचं राहिलं होतं.
नियमाने अर्धा गुण कापला,
आणि वही उगाच नाकाशी धरली.
वास खडूचा आला.
बहुधा माझ्याच बोटांचा.