माणशी शंभर वॅट

थंडी कुणी तयार करत नाही, पोरी,
हे इद्रिसचाचांनी पहिल्याच दिवशी सांगितलं,
सातपूरच्या शेडमध्ये, उघड्या कॉम्प्रेसरशेजारी,
भजी खाताना.
आपण फक्त हमाल.
आतली उष्णता उचलायची, बाहेर नेऊन टाकायची.
हमाली विजेला.

गंगेवर बुडी मारलीस कधी?
वर आलं की पायरीवर वारं लागतं,
भर उन्हात दात वाजतात.
अंगावरचं पाणी उडून जाताना
तुझी ऊब घेऊन जातं.
माठ तेच करतो, आयटीआय न करता.
आपला गॅसही तसाच:
बारीक नळीतून सुटला की मोकळा होतो,
गारठ्यातच उकळतो,
आणि उकळायला लागणारी आच
खोलीकडून घेतो.
मग कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तापवतो,
बाहेरच्या जाळीत तो सगळं ओकून टाकतो
आणि पातळ होऊन परत येतो
रिकाम्या हातांनी.

टन म्हणजे वजन नव्हे, हेही तेव्हाच कळलं.
एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना
जेवढी उष्णता खाईल, तेवढी.
दीड टनाचं मशीन खांद्यावर घेऊन
तीन जिने चढणाऱ्या भागवतला
हे अजून पटलेलं नाही.

मुंबई नाक्याजवळच्या लग्नाच्या हॉलचा प्लांट
आम्ही तीन वर्षं सांभाळला.
तिथं गॅस माणसांपर्यंत येतच नाही.
तळघरात तो पाणी गार करतो,
पाणी वर जाऊन हवेला भेटतं,
आणि गोळा केलेली उष्णता
दुसऱ्या पाण्यावर बसून गच्चीवरच्या टॉवरकडे निघते.
हॉल रिकामा असला की मशीन पेंगतं.
मुहूर्ताला आठशे माणसं अक्षता घेऊन उभी राहिली
की काटा चढतो.
नुसता बसलेला माणूस शंभर वॅटचा बल्ब,
चाचा म्हणायचे.
नवरदेवाचे मित्र वेगळे धर.

परवा गंगापूर रोडवरून फोन आला.
गायधनीबाई. तिसरा मजला, पश्चिमेची भिंत.
"मशीन सारखं बंद पडतं हो.
मागच्या मे महिन्यात रात्रभर चालायचं."

फिल्टर धुतला.
गेज लावलं, प्रेशर बरोबर.
ड्रेनची नळी फुंकली, दोन मुंगळे निघाले.
सेन्सर जागेवर.
भागवतनं बाहेरचं युनिट धुऊन सुरू केलं
तेव्हा खालचा इस्त्रीवाला ओरडला,
गरम झोत थेट त्याच्या टपरीवर.
त्याचंही खरं आहे.
टाकलेलं कुठंतरी पडतंच.

मग नेहमीचा कागद काढला.
खोली किती फूट, खिडक्या किती,
पडदे जाड की पातळ,
टीव्ही, ट्यूबलाइट.
रात्री झोपणारी माणसं?
दोन, बाई म्हणाल्या.
आणि जरा वेळानं:
एक.

शंभर वॅटनं एवढा फरक पडत नाही.
दीड टनाला ती चिल्लर.
मी गणित दोनदा केलं,
तोवर चहा निवला,
त्याची ऊब खोलीत गेली, तीही धरली.
जमेना.

"हे सोळावर ठेवायचे," बाई म्हणाल्या,
"मी पांघरूण घेऊन सव्वीस करायचे.
रिमोटच्या बॅटऱ्या महिन्याला लागायच्या."
रिमोट अजून त्यांच्या उशीजवळ नव्हता,
पलंगाच्या पलीकडच्या बाजूला होता.

रिपोर्टवर लिहिलं: मशीन ठीक.
सव्वीस, पंखा एकवर.
त्यांनी सही केली, पूर्ण नावाची.

जिन्यात भागवतनं विचारलं,
काय फॉल्ट होता?
म्हटलं, लोड कमी झालाय.
"मग एक टनाचं लावून देऊ या ना," तो म्हणाला,
आणि शिडी खांद्यावर बदलून
माझ्यापुढं उतरत गेला.